लागू असेल त्याप्रमाणे

जहाजाची तिकिटं आली तेव्हा चारुदत्त हळबे दाढी करत होते. अर्धा गाल साबणात, अर्धा मोकळा अशा अवस्थेत ते बाहेर आले, मुलीच्या मोबाइलवर तिकिटं पाहिली आणि एकच प्रश्न विचारला.

“पासपोर्ट लागेल का?”

तिकिटं आभाने काढली होती. आभा म्हणजे हळब्यांची एकुलती एक मुलगी, सॉल्ट लेकच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काहीतरी करते. तिने स्वतःच्या बोनसमधून आई-बाबांना जहाजाची सहल भेट दिली होती. संक्रांतीनंतर कोलकात्याहून निघायचं, हुगळीतून खाली जायचं, सुंदरबनाच्या खाड्यांमधून हिंडायचं आणि कोलकात्यालाच परत यायचं. राहणं-जेवणं जहाजावर, आणि नशिबात असलाच तर वाघ.

“बाबा, हुगळी आहे! आपला रोजचा हुगळी!” आभा म्हणाली. तिची सगळी शाळा कोलकात्यात झाली होती, त्यामुळे तिच्या मराठीत नदी कधी पुरुष असे, कधी बाई.

“हुगळी कुठे जाते?” हळब्यांनी विचारलं.

“समुद्रात.”

“आणि समुद्र कोणाचा?”

आभाने मोबाइल परत घेतला, आणि हळबे जिंकल्याच्या समाधानात उरलेली दाढी करायला गेले.

हळब्यांचा स्वभाव समजायचा तर त्यांची नोकरी समजली पाहिजे. गार्डन रीचला नदीकाठी एका मोठ्या सरकारी कार्यालयात ते आस्थापना विभागाचे अधिकारी होते. लोकांच्या रजा, बदल्या, पेन्शन आणि परवानग्या यांच्या फायली त्यांच्या टेबलावरून जात. इतकी वर्षं हे काम केल्यावर माणसाची अशी समजूत होते की जगात दोनच जातीची माणसं असतात, ज्यांच्याकडे कागद आहे ती आणि जी पकडली जायची आहेत ती. हळबे पहिल्या जातीचे होते. भाजी आणायला जातानाही ते आधार कार्ड खिशात ठेवत. उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते, त्यानंतर पुण्याचा फ्लॅट, आणि तिथून पेन्शनचा कागद घेऊन दरवर्षी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं, असा पुढचा कार्यक्रम ठरलेला होता.

खरं तर सहल हवी होती ती मंजुषाताईंना. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याच्या बदलीमागे फिरल्या होत्या. बिलासपूर, खरगपूर, गुवाहाटी, पुन्हा बिलासपूर, मग कोलकाता. प्रत्येक ठिकाणी पडद्यांच्या मापाची खिडकी नसायची आणि चांगली शेजारीण मिळाली की बदलीचा हुकूम यायचा. गेल्या वर्षी नदीकाठी फिरताना एक पांढरं जहाज खाली जाताना दिसलं, तेव्हा त्या कठड्याला टेकून म्हणाल्या होत्या, “एकदा तरी अशा ठिकाणी जायचंय, जिथे तुमची बदली झालेली नाही.” हळब्यांनी तेव्हा “हं” म्हटलं होतं. आभाने मात्र ते लक्षात ठेवलं होतं.

हळब्यांनी जहाज कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की कोणतंही सरकारी फोटो ओळखपत्र चालेल. हळबे म्हणाले, हे लेखी द्या. तिने ई-मेल पाठवली. त्यात शेवटचं वाक्य असं होतं की प्रवाशांनी योग्य ती कागदपत्रं जवळ बाळगावीत, ‘ॲज ॲप्लिकेबल’.

“लागू असेल त्याप्रमाणे!” हळबे खुर्चीतून उठलेच. “वाचलंस?”

“मग?” मंजुषाताई म्हणाल्या. “आपल्याला आधार लागू आहे.”

“अगं, ‘लागू असेल त्याप्रमाणे’ हे कोण लिहितं माहितीय का? ज्याला स्वतःला माहीत नसतं काय लागू आहे, तो लिहितो. मी आयुष्यभर लिहीत आलोय!”

हे अगदी खरं होतं. हळब्यांच्या कार्यालयात अशी एकही फाईल नव्हती जिच्यात त्यांनी अडचणीच्या जागी हे तीन शब्द पेरून ठेवले नव्हते. या शब्दांच्या खड्ड्यात किती कर्मचारी पडले होते हे त्यांनी स्वतः वरून वाकून पाहिलं होतं, त्यामुळे आता त्या खड्ड्याच्या काठावर आपण उभे आहोत हे त्यांना बरोबर कळलं.

कोलकात्याच्या बेहाला भागात हळबे ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत, त्याचे मालक घोषालबाबू खाली राहत. विधुर, निवृत्त, जिभेला काम देण्यासाठी कायम कोणाच्या तरी शोधात. हळब्यांनी त्यांच्यापुढे प्रश्न मांडला.

“सुंदरबन में बॉर्डर तो पानी में है, हालबे बाबू,” घोषालबाबू चहा ओतत म्हणाले. “पानी में कोई दाग होता है क्या? बाघ इधर खाता है, उधर जाके सोता है. बाघ को कोई नहीं पूछता.”

“और मुझे?”

“आपको पूछेगा. आप तो बाघ नहीं है.” मग त्यांना त्यांचा आवडता विनोद आठवला. “वैसे आप मराठा लोग पिछला बार तो बिना पासपोर्ट का ही आया था! हम लोग को बागबाजार से खंदक खोदना पड़ा!”

हा खंदक घोषालबाबू हळब्यांना दर महिन्याला एकदा दाखवत. अडीच-तीनशे वर्षांपूर्वी मराठी घोडदळ बंगालवर चालून आलं होतं आणि त्याच्या भीतीने कोलकातेकरांनी खंदक खणला होता, त्याचा हिशेब ते अजून हळब्यांकडून मागत होते. वास्तविक हळब्यांच्या घराण्यात घोड्यावर बसलेला एकमेव पुरुष म्हणजे लग्नाच्या वरातीतले ते स्वतः, आणि बँडवाल्याने झांज वाजवताच त्या घोड्याने त्यांना वाटेतच उतरवलं होतं. पण इतिहासाची जबाबदारी टाळता येत नाही म्हणून ते दर वेळी ओशाळून हसत.

कोजागिरीला महाराष्ट्र मंडळात मसाला दूध पिताना प्रश्न सर्वांपुढे गेला. अविनाश खेर नावाचे एक आयटीतले गृहस्थ होते, त्यांना सर्व विषयांत आतली माहिती असे. ते म्हणाले, “काढून ठेवा पासपोर्ट. समजा वादळ आलं, जहाज भरकटलं आणि तुम्हाला पलीकडच्या किनाऱ्यावर उतरवलं, तर काय दाखवाल? आधार?” हे ऐकून तिघा-चौघांनी दुधाचे पेले खाली ठेवले. कोणीतरी म्हणालं, मग व्हिसा पण लागेल. कोणीतरी म्हणालं, पिवळ्या तापाची लस. एका वहिनींनी मंजुषाताईंना बाजूला घेऊन जहाजावर उलट्या होऊ नयेत म्हणून आल्याच्या वड्या सांगितल्या. या सबंध संध्याकाळीत उपयोगी पडलेला सल्ला तेवढाच.

असा निर्णय झाला. दोघांचेही पासपोर्ट काढायचे. आभाने कपाळावर हात मारून घेतला, आणि मग तिनेच दोघांचे अर्ज ऑनलाइन भरायला घेतले.

हळब्यांचा अर्ज पहिल्याच पायरीवर अडला, आणि अडवणारे हळबेच होते. सरकारी नियम साधा आहे, नोकराने आपल्या कार्यालयाला कळवावं आणि पासपोर्ट काढावा. पण काही वर्षांपूर्वी एक कारकून न सांगता दुबईला जाऊन आला होता, तेव्हा चिडून हळब्यांनी आपल्या कार्यालयापुरतं एक परिपत्रक काढलं होतं. त्यानुसार आधी परवानगी घ्यायची, अर्जात प्रवासाचं ठिकाण आणि प्रयोजन लिहायचं, आणि दोन्हींचा पुरावा जोडायचा. परिपत्रकाचं तेव्हा कौतुक झालं होतं. आता त्याचाच लेखक दुसऱ्या बाजूने आला.

त्यांच्या हाताखालच्या मोंडलने अर्ज हातात घेऊन अदबीने विचारलं, “सर, ठिकाण सुंदरबन लिहिलंय. सुंदरबन देशात आहे. मग पासपोर्टचं प्रयोजन काय?” मोंडल बरीच वर्षं नागपूरला होता आणि हळब्यांशी हौसेने मराठीत बोलत असे.

हळब्यांनी विचार करून लिहिलं, ‘जहाज चुकून देशाबाहेर गेल्यास.’

चार-सहा दिवसांनी वरून फाईल परत आली. शेरा होता, ‘चुकून जाण्याचे प्रयोजन स्पष्ट करावे व पुरावा जोडावा.’

हळब्यांनी शेऱ्याची भाषा ओळखली. ती त्यांचीच होती. वरच्या साहेबांना त्यांनीच तयार केलं होतं. दरम्यान कार्यालयात बातमी पसरली की हळबे निवृत्तीआधीच ऑस्ट्रेलियाला चाललेत. कँटीनमध्ये त्यांना लोक वाट करून देऊ लागले आणि एका सहकाऱ्याने तर तिकडे भाताला काय भाव आहे असं विचारलं. हळब्यांनी खुलासा केला की आपण फक्त हुगळीकाठच्या बजबज गावाच्या जरा पुढे जाणार आहोत, पण त्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही.

मंजुषाताई सरकारी नोकर नव्हत्या, म्हणून त्यांचा अर्ज पुढे गेला. ठरलेल्या दिवशी दोघं पासपोर्ट कार्यालयात गेले. हळब्यांनी कागदांची अशी फाईल केली होती की तिला नाडी बांधायला लागली. खिडकीमागे एक मध्यमवयीन बंगाली बाई होत्या, चष्मा नाकावर, आवाज शांत.

“मंजुषा चारुदत्त हालबे,” त्यांनी वाचलं. “चारुदत्त कौन?”

“मैं,” हळबे पुढे झाले.

“आपका नाम इनके नाम में क्यों है?”

“हमारे में ऐसा ही होता है.”

बाईंनी मान हलवली आणि शाळेचा दाखला काढला. “शैला शरद जोगलेकर. ये कौन है?”

“ये भी यही है,” हळबे म्हणाले.

आता बाईंनी चष्मा काढला. हळब्यांनी समजावून सांगितलं की महाराष्ट्रात लग्नात मुलीचं नाव बदलतात. आडनावच नव्हे, पहिलं नावही. नवरा ताटात तांदूळ पसरून अंगठीने त्यात नवीन नाव लिहितो, मग सगळ्यांना पेढे वाटतात. बाई ऐकत होत्या आणि एकेक बोट दुमडत होत्या.

“मतलब शैला का मंजुषा हो गया. शरद का चारुदत्त हो गया. जोगलेकर का हालबे हो गया. तो पुराना क्या बचा?”

हळबे फाईलमध्ये शोधू लागले.

“जन्मतारीख,” मंजुषाताई म्हणाल्या.

बाई हसल्या. मंजुषाताईही हसल्या. हळबे हसायला गेले, पण त्यांना ते नीट जमलं नाही. बाईंनी अर्ज परत दिला नाही, बाजूला ठेवला, आणि शैला हीच मंजुषा असल्याचा काहीतरी पुरावा घेऊन या म्हणाल्या.

आता पुरावा आणायचा कुठून? लग्नाची नोंदणी केलेली नव्हती, त्या काळात करत कोण होतं? लग्नपत्रिकेत शैला होती, मंजुषा नव्हती. रेशन कार्डात मंजुषा होती, शैला नव्हती. दोघी एका कागदावर कुठेच भेटत नव्हत्या. बसमधून घरी येताना मंजुषाताई खिडकीबाहेर बघत होत्या. बेहाला येता येता त्यांनी विचारलं,

“अहो, माझं नाव बदललं का होतं?”

“म्हणजे काय? घरात आधीच एक शैला होती ना. आमची शैलाताई. एका नावाच्या दोन फायली झाल्या की घोळ होतो.”

“पण शैलावन्संचं लग्न होऊन त्या तेव्हा अकोल्याला गेल्या होत्या.”

“हो, पण सणावाराला यायची.”

“आणि अकोल्याला त्यांचं नाव काय ठेवलं?”

शैलाताईंचं नाव अकोल्याच्या लोकांनी सुनंदा ठेवलं होतं.

“म्हणजे दोन शैला होत्या,” मंजुषाताई म्हणाल्या, “आणि सगळ्यांनी मिळून घरात एकही ठेवली नाही.”

त्या रागाने बोलत नव्हत्या, त्यांना खरंच गंमत वाटत होती. पण हळब्यांना फार वाईट वाटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नावातली एक वेलांटी चुकली तरी ते फाईल परत पाठवत होते, आणि आपल्या घरात एक अख्खं नाव गहाळ झालं याची त्यांनी नोंदसुद्धा घेतली नव्हती. घरी येऊन ते माळ्यावर चढले आणि धुळीत शिंकत त्यांनी लग्नाचा अल्बम शोधून काढला.

त्यात तो फोटो होता. चांदीचं ताट, तांदूळ, तांदळात अंगठीने कोरलेलं ‘मंजुषा’, आणि ताटापलीकडे मुंडावळ्यांमधून त्या नावाकडे पाहणारी एक मुलगी. ती मुलगी अजून शैला होती. नाव वाचतानाचं तिचं तोंड फोटोत बरोबर आलं होतं, परीक्षेत न वाचलेला प्रश्न आल्यासारखं.

नोटरीकडून दोघांचं प्रतिज्ञापत्र झालं. हळब्यांनी त्याला हा फोटो ‘पूरक पुरावा’ म्हणून जोडला. खिडकीतल्या बाईंना प्रतिज्ञापत्र पुरेसं होतं, पण फोटो पाहून त्यांनी शेजारच्या खिडकीतल्या बाईंना बोलावलं, त्यांनी तिसरीला, आणि काही क्षण त्या विभागाचं कामकाज तांदळाभोवती थांबलं.

“बाद में इस चावल का क्या हुआ?” एकीने विचारलं.

“दूसरे दिन पका लिया,” मंजुषाताई म्हणाल्या.

“नाम खा लिया?”

“पाहुणे बहुत थे,” मंजुषाताईंनी सांगितलं, आणि हे कारण बंगालमध्येही सर्वांना पटलं. अर्ज पुढे गेला. आधीचं नाव शैला, आताचं मंजुषा, दोन्ही कागदावर आली. हळब्यांनी बाहेर येऊन बायकोला डाब, म्हणजे शहाळं, पाजलं. बदलीचा हुकूम नसताना त्यांनी तिला दुपारच्या वेळी कुठे नेऊन काही पाजल्याचं दोघांनाही आठवेना.

आता फक्त पोलीस तपासणी उरली होती, आणि नेमकी तिथे माशी शिंकली.

पोलीस खात्याचे एक साध्या वेशातले गृहस्थ आले, तेव्हा हळबे पती-पत्नी बाजारात गेले होते. गृहस्थांनी खाली घोषालबाबूंना विचारलं, “शैला उर्फ मंजुषा यहाँ रहती है?”

घोषालबाबू ताठ झाले. मंजुषाताईंना ते बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत. पुढचा प्रसंग त्यांनी स्वतःच संध्याकाळी हळब्यांना मोठ्या अभिमानाने ऐकवला. “हमने साफ बोल दिया. शैला-फैला इधर कोई नहीं रहता. मंजुषा बौदी रहता है, भद्र महिला. ये उर्फ वाला लोग चोर-डकैत होता है, हम अपना मकान में उर्फ नहीं रखता! भगा दिया उसको.”

हळबे जिन्याच्या पायरीवर बसले. हातातल्या पिशवीतून एक वांगं घरंगळत खाली गेलं, पण ते उचलायला कोणी वाकलं नाही. मंजुषाताईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच निराशा दिसली. जहाज सुटायला आता थोडेच दिवस उरले होते. त्यांनी निळ्या काठाची साडी, आल्याच्या वड्या आणि उन्हाची टोपी असं सगळं एका बॅगेत भरून ठेवलं होतं, आणि ती बॅग रोज येता-जाता पायात येत होती.

“जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “नसेल नशिबात.”

घोषालबाबूंना सगळा प्रकार समजला तेव्हा ते इतके पांढरे पडले की हळब्यांनाच त्यांना पाणी द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते धोतर आणि पंजाबी, म्हणजे झब्बा, घालून, संदेश मिठाईचा डबा हातात घेऊन जिन्याखाली तयार उभे होते. तिघं पोलीस ठाण्यात गेले. संदेश पोलिसांनी घेतले नाहीत, ते येताना घोषालबाबूंनीच संपवले. पण त्यांनी दिलेली साक्ष त्या ठाण्यात कोणी विसरणार नाही.

“लिखिए,” ते टेबलावर हात ठेवून म्हणाले. “मेरा स्त्री जब अस्पताल में था, एक महीना रोज दोनों टाइम इसी के घर से खाना आया. मेरा स्त्री जाने के बाद भी बंद नहीं हुआ. एकादशी को साबूदाना आता है, होली को मीठा रोटी आता है. ये शैला है, मंजुषा है, दस नाम होगा तो भी एक ही बौदी है. मैं बुड्ढा आदमी गलत बोला. मेरा उर्फ लिखिए, गधा.”

साध्या वेशातले गृहस्थ आज गणवेशात होते. त्यांनी हसत हसत अहवाल दुरुस्त केला. मंजुषाताईंनी डोळ्यांना पदर लावला, घोषालबाबूंनी धोतराचा सोगा लावला, आणि हळबे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकटक पाहत राहिले, कारण त्यांच्याजवळ लावायला काही नव्हतं.

संक्रांतीला तिळगुळासोबत पोस्टमन आला. मंजुषाताईंचा पासपोर्ट! निळा, नवा कोरा, आत सगळी पानं रिकामी. आभाने त्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. घोषालबाबूंनी तो दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला.

पण हळब्यांचा? हळब्यांची फाईल अजून त्यांच्याच कार्यालयात, त्यांच्याच परिपत्रकाखाली दबून होती. चुकून जाण्याचं प्रयोजन त्यांना अद्याप सुचलेलं नव्हतं.

जहाजाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी घसा साफ केला. “मी म्हणतो, पुढे ढकलू या. पुढच्या हिवाळ्यात. तोवर माझी परवानगी येईल.”

“पुढच्या हिवाळ्यात आपण पुण्याला असू, बाबा,” आभा म्हणाली.

“पण नियम...”

मंजुषाताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी बॅगेची चेन ओढून बंद केली आणि पासपोर्ट पर्समध्ये ठेवला. “मी उद्या जातेय,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं तुमचा हुकूम निघाला की मी सामान बांधून मागून येत होते. या वेळी माझा निघालाय. तुम्हाला यायचं तर या.”

आवाज चढलेला नव्हता. पण हळब्यांना कळलं की हा हुकूम परत पाठवता येणार नाही. त्यांनी निमूटपणे आपली बॅग काढली. कोणत्या गावाला बदली झाली की बायको काय काय भरते, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे त्यांनी सहा रुमाल आणि एक स्वेटर भरला आणि थांबले. बाकीचं मंजुषाताईंनी भरलं.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर, टेबलामागे एक मुलगी बसली होती. हळब्यांनी दोन्ही हातांनी आधार कार्ड पुढे केलं. आयुष्यात पहिल्यांदा ते अपुऱ्या कागदांनिशी एखाद्या टेबलापुढे उभे होते. आपल्या टेबलापुढे उभी राहणारी माणसं कागद असा दोन्ही हातांनी का धरत, तेही त्यांना आत्ता समजलं.

मुलीने कार्ड पाहिलं, नाव टिपलं, परत दिलं. “वेलकम, सर.”

“बस? इतना ही?”

“इतना ही, सर.”

इतक्या दिवसांच्या धावपळीनंतर निदान एखादा प्रश्न तरी यायला हवा होता, असं हळब्यांना वाटून गेलं. मंजुषाताईंनी मात्र आधार कार्ड काढलंच नाही. त्यांनी पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

“अरे वा, मॅडम! फॉरेन ट्रिप?”

“अभी नहीं,” मंजुषाताई म्हणाल्या. “जाऊंगी.”

भोंगा झाला आणि जहाज हललं. धक्क्यावर आभा आणि घोषालबाबू हात हलवत होते. घोषालबाबू ओरडून काहीतरी सांगत होते, बहुधा खंदकाचंच. हावड्याचा किनारा मागे सरकला, मग गार्डन रीच आलं आणि हळब्यांना त्यांचं कार्यालय दिसलं. रोज आतून नदी पाहायची त्यांना सवय होती. नदीवरून ते चांगलंच लहान दिसत होतं.

“काय म्हणू मी तुला आता?” त्यांनी एकदम विचारलं. “शैला म्हणू?”

मंजुषाताईंनी टोपी सावरत विचार केला. “नको. शैला म्हणालात की वाटतं, तुमची बहीण अकोल्याहून आली. मंजुषाच बरं आहे. पण विचारलंत ते बरं केलंत.”

तेवढ्यात फोन वाजला. मोंडलचा निरोप होता. साहेबांनी निवृत्ती जवळ आल्यामुळे हळब्यांचं प्रकरण सहानुभूतीने पाहायचं ठरवलं होतं. शेरा एकच होता, ‘अर्जदाराने प्रवासाचे ठिकाण निश्चित कळवावे, म्हणजे परवानगी देता येईल.’

हळब्यांनी तो निरोप दोनदा वाचला. मग कठड्याशी जाऊन त्यांनी विचारलं, “तुला कुठे जायचंय?”

“आत्ता?”

“पुढे. पासपोर्टवर.”

हा प्रश्न मंजुषाताईंना आजवर कोणी विचारलेला नव्हता, त्यामुळे त्यांना उत्तर द्यायची घाई नव्हती. समोरून बजबजच्या तेलाच्या टाक्या सावकाश मागे जात होत्या. वारा सुटला होता. त्या डोळे बारीक करून पुढे बघत होत्या, जिथे नदी रुंद होत जाते.

“ठरवते ना,” त्या म्हणाल्या. “दहा वर्षं चालतो तो.”

हळब्यांनी फोनवर लिहिलं, ‘ठिकाण : पत्नी ठरवील त्याप्रमाणे.’ आणि पुन्हा न वाचता पाठवून दिलं.

मोंडलचं उत्तर लगेच आलं. ‘सर, परिपत्रकानुसार याला पुरावा जोडावा लागेल.’

हळब्यांनी मान वर केली. निळ्या काठाची साडी, वाऱ्याने उडू पाहणारी टोपी एका हाताने धरलेली, आणि चेहरा पुढे, पाण्याकडे. त्यांनी बायकोचा फोटो काढला आणि तोच जोडून पाठवला.